निळ्यांसाठी सोडलेला हापूस

रत्नागिरीत राहून हापूस न खाणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी तात्या. दर वैशाखात मी माझ्या झाडाचे आंबे घेऊन जायची आणि ते नुसते हुंगून परडी माघारी द्यायचे. "अगो, निळे जिंकल्याचं कळू दे, मग पेटीच आण." असा राग यायचा मला!

निळे म्हणजे कॅनडातला बर्फावरच्या हॉकीचा एक संघ. तात्या मूळचे नाटे गावचे, कोवळ्या वयात बोटीवर लागलेले. पन्नासच्या दशकात एका हिवाळ्यात त्यांची बोट तिकडच्या बंदरात बर्फात अडकली आणि हे गृहस्थ पायाला पाती बांधून पळणाऱ्या त्या निळ्या सदऱ्यांपायी खुळावले. निळे थेट अंतिम सामन्यात पोचले आणि नेमका तेव्हाच बर्फ वितळला. बोट निघाली. तात्यांनी डेकवरूनच ग्रामदेवाला सांगून टाकलं, निळे हा सामना जिंकल्याशिवाय हापूस तोंडात घालणार नाही.

त्या मोसमाचे सामने तात्या रोज ओटीवर आम्हाला खेळून दाखवायचे. झाडू उलटा धरून करवंटीचा तुकडा सरकवत. पोस्टमनलासुद्धा त्यांनी गोलात उभं केलं होतं. "आमच्या गोलकीपरचे दात पडले, तर मेला दात खिशात टाकून परत उभा! आणि तुम्ही सर्दीला रजा घेता!"

त्या जुन्या अंतिम सामन्याचा निकाल मी फोनवर केव्हाच पाहिला होता. निळे हरले होते, तेही सपाटून. सगळ्या आळीला ठाऊक होतं, पण तात्यांना सांगणार कोण? सांगितलं की आंबा जन्माचा गेला.

गेल्या चैत्रात त्यांनी अंथरूण धरलं. एकदा हळूच म्हणाले, "अगो, आंबा अजून तसाच लागतो का गो?" मला रडूच फुटलं. म्हटलं, "उठा तात्या, देवालाच कौल लावू." गाडीत घालून त्यांना नाट्याच्या देवळात नेलं.

तिथे गुरव अडला. खेळ समजल्याशिवाय देव कौल देणार कसा? मग तात्यांनी खुर्चीत बसून गाभाऱ्याकडे तोंड करून सगळे नियम सांगितले आणि गुरवानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! बर्फावर काठ्या घेऊन घसरणारी ही तुझी निळी लेकरं..."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

"धक्काबुक्की केली तर दोन मिनिटं कोठडीत बसतात, नि परत येतात..."

"होय म्हाराजा!"

"ती जिंकली असतील तर उजवा कौल दे!"

देवाला लावलेल्या ओल्या पाकळ्यांतली उजवी टपकन पडली. मी फोन पर्समध्ये खोल ढकलला.

घरी येऊन तात्यांनी आंबा कापू दिला नाही. हातानं घोळून मऊ केला आणि चोखून खाल्ला, कोपरापर्यंत रस. मी म्हटलं, "जिंकले हो तुमचे निळे!"

"हरले गो," बाठा चाटत ते म्हणाले. "पुढच्याच बंदरात कळलं होतं मला."

"अहो, मग जन्मभर हे कशाला?"

"हरले म्हणून त्यांना टाकून आंबे खात बसू? कोणीतरी नको त्यांच्या बाजूनं? आता देवच बोलला त्यांच्या बाजूनं. मी सुटलो. दुसरा दे."

पाऊस लागायच्या आत तात्या गेले. तेवढ्या दिवसांत त्यांनी माझं अख्खं झाड संपवलं.