नावड्यातला दाराएवढा कागद

नव्वदीच्या दशकात बी.ए. होऊन मी घरीच बसले होते. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, घर सानपाड्याला. वडिलांच्या ओळखीच्या एका काकांची तळोज्याजवळ नावड्याला शेड होती. तिथे सुती चिंध्यांचा लगदा करून हातकागद बनवायचे. एक चिनी चित्रकार बाई त्यांच्याकडे काही महिने कामाला येणार होत्या.

"तुला इंग्रजी येतं ना? मग त्यांचं आम्हाला नि आमचं त्यांना सांगत जा," काका म्हणाले. तेवढीच माझी नोकरी.

बाई चाळिशीच्या असतील. गावी आईकडून कागद करायला शिकलेल्या. आता परदेशात राहायच्या, पण देशोदेशी जाऊन तिथल्या लोकांबरोबर त्यांच्याच जुन्या कपड्यांचा कागद करायच्या. त्यावर काही रंगवायच्या नाहीत, कागद हेच चित्र. नावड्याला त्यांना दाराएवढा एक कागद करायचा होता. त्यासाठी त्यांनी आईच्या कामाच्या कोटाची निळी बाही आणली होती.

शेडमधल्या बायका गावातल्याच. बाईंनी प्रत्येकीकडे एकेक कापड मागितलं. कुणी लुगड्याचा काठ आणला, कुणी उशीचा अभ्रा. वयाने सगळ्यांत मोठ्या मावशींनी अख्खी साडी आणली. बाळंतपणात गेलेल्या त्यांच्या मुलीची.

"पेटीन ठेवून काय करू?" मावशी म्हणाल्या. "कागूद झाला तं भिंतीव दिसंल तरी."

मी बाईंना सांगितलं. त्या मावशींच्या शेजारी बसल्या, आणि ती साडी नि ती बाही दोघींनी मिळून कातरली.

तळोज्याचे कारखाने तेव्हा वाढत होते. शेडच्या विहिरीला वास यायचा, हौदावर तवंग धरायचा, सुकलेल्या कागदांवर पिवळे डाग उठायचे. काकांनी मोठ्या कागदासाठी पाण्याचा टँकर मागवला. चौघींनी जाळीचा साचा धरून हौदातल्या लगद्यातून कागद उचलला. बाईंनी त्यांच्या गावच्या रीतीने तो रुंद ब्रशने भिंतीवर चिकटवला. ओला असताना फिकट निळा दिसत होता. मावशी त्याच्यासमोरून हलेचनात.

पण लगद्यासाठी कापड कुजवलं होतं ते विहिरीच्याच पाण्यात, आणि त्या पाण्याने धागाच खाल्ला होता. ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. सुकल्यावर बाईंनी कोपरा धरून हलकेच ओढला, तर तेवढाच तुकडा हातात आला. मग सगळा कागद पापडासारखा मोडत खाली आला.

मावशी खाली बसून तुकडे गोळा करायला लागल्या. दोन तुकडे बाईंपुढे धरून म्हणाल्या, "याचेन माझे पोरीचा कंचा, नि तुझे आयशीचा कंचा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला ते इंग्रजीत सांगता आलं नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

"पुन्हा करू," काका म्हणाले. मी सांगितलं.

"कशाचा?" बाईंनी विचारलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बसस्टॉपवर उभ्या होतो. बाई म्हणाल्या, त्यांच्या गावातही कापड रंगवायचा कारखाना आला, नदी गेली. आई वारली तेव्हा गावात कागद करणारं कुणी उरलं नव्हतं. "म्हणून मी दुसऱ्यांचं पाणी शोधत फिरते."

"मिळतं?"

"मिळतं. थोडे दिवस."

त्या ठरल्यापेक्षा लवकर गेल्या. तुकडे मावशींनीच पदरात बांधून नेले, बाईंच्या आईच्या बाहीसकट. बाईंनी नेऊ दिले. मावशींनी त्यांचं पुढे काय केलं, कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी काकांनी शेड बंद केली. बायका तळोज्याला केमिकल कंपनीत पॅकिंगला लागल्या. मला वाशीला टायपिस्टचं काम मिळालं. एकदा कामानिमित्त तळोज्याला गेले, तर कंपनीच्या गेटपाशी मावशी रांगेत दिसल्या. तोंडाला फडकं बांधलेलं, डोळे लाल.

"ती बाय परत आली का गो?"

"नाही, मावशी."

"नको येवं. इथला पानी गेला," त्या म्हणाल्या, आणि रांगेबरोबर आत सरकल्या.