कांदा-लसूण न खाणारा पोटभाडेकरू

सांगलीत खोली शोधताना मी खोटं बोललो नाही, अर्धंच बोललो. घरमालकीण साठीच्या जैन काकू. खाली त्या एकट्या राहत, वरची खोली भाड्यानं देत. माझ्यासोबत काचेच्या पेटीत एक बिअर्डेड ड्रॅगन होता: मूळ ऑस्ट्रेलियाचा, हातभर लांबीचा, हनुवटीखाली काटेरी दाढी असलेला सरडा. हे काय खातं, एवढंच काकूंनी विचारलं. भोपळा, दुधी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, असं मी सांगितलं. कांदा-लसूण त्याला अजिबात चालत नाही, हेही सांगितलं. प्रत्येक वाक्य खरं होतं. काकूंच्या घरातही कांदा-लसूण येत नसे. किल्ली लगेच मिळाली.

मी वर्तमानपत्रात इतरांच्या बातम्या तपासतो. अर्धी बातमी कशी दिसते, हे मला कळायला हवं होतं. उरलेली अर्धी पलंगाखाली भोकं पाडलेल्या डब्यात होती: जिवंत रातकिडे. नुसत्या पाल्यावर या प्राण्याचं भागत नाही.

दोन महिने सुरळीत गेले. काकू रोज सकाळी परसातली दोन जास्वंदं घेऊन वर येत. त्यांना पाहून सरडा पुढचा एक पाय उचलून सावकाश हलवी. या जातीत त्याचा अर्थ ‘मी लहान आहे, भांडण नको’ असा होतो. काकूंना तो नमस्कार वाटे. त्या ‘जय जिनेंद्र’ म्हणून उत्तर देत. खरा अर्थ मी सांगितला नाही.

चातुर्मासात एकदा डब्याचं झाकण नीट लागलं नाही. सकाळी काकू आल्या त्या फुलांऐवजी कागदानं झाकलेली वाटी घेऊन. आत एक रातकिडा होता. स्वयंपाकघरात ओरडणारा तो किडा त्यांनी मऊ झाडणीनं अलगद वाटीत लोटून घेतला होता.

“हा तुमचा का हो?”

मी सगळं सांगितलं. काकूंनी आवाज चढवला नाही. “त्याला काय बोलू? त्याचा जन्मच तसा हाय. पण तुमी जीव डब्यात भरून मरायला आणताय. ते ह्या घरात न्हाई चालायचं.”

मुदत आठवड्याची मिळाली. त्याच्या किड्यांची सोय बाहेर करायची, नाहीतर दोघांनी खोली सोडायची. डबा मी त्यांच्यादेखत परसात रिकामा केला. पुण्यातला एक मित्र सरडा सांभाळायला तयार होता. चार वर्षं जवळ असलेला प्राणी देऊन टाकायचा विचार मी दोन दिवस केला आणि सोडला. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. सरडा आता पूर्ण वाढलाय, आठवड्यातून एकदा पोटभर किडे पुरतील, असं ते म्हणाले.

म्हणून रविवारी आम्ही कुंडलला जाऊ लागलो, मामाच्या शेतावर. तो टोपलीत, टोपली मोटारसायकलवर. वाटेत चहाच्या टपरीवर एकानं त्याला घोरपड ठरवून वन खात्याला कळवायची तयारी केली. तेव्हापासून परदेशी प्राणी पाळत असल्याच्या सरकारी नोंदणीच्या कागदाची प्रतही टोपलीत असते.

मामा सैन्यातून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी पाहुण्याला चारी बाजूंनी न्याहाळलं.

“नाकतोडं खायाला एवढ्या लांबनं आणलास व्हय रं ह्याला? जावयाची बी एवढी बडदास्त कोण ठेवत न्हाई.”

पण उसात फवारणी झालेली असते म्हणून तिथले किडे त्यांनी स्वतःच बाद केले. जनावरांच्या चाऱ्याच्या घासाचा एक वाफा औषधाशिवाय राखला. जुनी मच्छरदाणी फाडून नाकतोडे धरायची जाळी शिवली. संध्याकाळी सांगलीत परतलो की काकू टोपलीत डोकावून विचारत, “जेवून आला का?”

नोव्हेंबरात दिवस लहान झाले. एका संध्याकाळी मला कचेरीतून यायला उशीर झाला. पेटीवरचा उबेचा दिवा सकाळपासून चालूच होता. मी खिडकी उघडली. काकू भोपळ्याच्या फोडी घेऊन दारात आल्या, तेवढ्यात पतंगासारखी एक पाकोळी आत येऊन दिव्याभोवती फिरली आणि उघड्या पेटीत उतरली. सरड्यानं ती एका झेपेत गिळली. अर्धा पंख त्याच्या ओठाला चिकटून राहिला. पुण्याच्या मित्राचा नंबर फोनमध्ये आहे ना, एवढंच माझ्या मनात आलं.

काकू सरड्याकडे नाही, दिव्याकडे पाहत होत्या.

“तुमी आणली न्हाई, खरं. पण दिवा लावून बोलावली. आमी दिवस मावळायच्या आत का जेवतो, सांगू का तुमाला?”

सांगायची गरज नव्हती; दिव्यावर आलेले जीव अन्नात पडून मरू नयेत म्हणून.

“मग ह्याचा बी दिवा मावळतीला बंद.”

दुसऱ्या दिवशी मी वेळ लावता येणारं बटण आणलं. आता खालचं स्वयंपाकघर आणि वरचा दिवा एकाच वेळी बंद होतात. सूर्यास्ताची वेळ काकूंच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून घेतो. दिवा गेल्यावर दहा मिनिटांत सरडा दगडावर पोट टेकून झोपतो. डॉक्टरांच्या मते त्याच्या प्रकृतीला हेच योग्य.

पाय हलवण्याचा अर्थही अखेर काकूंना सांगितला. बातमी पूर्ण केली. त्यांनी जास्वंद पेटीत ठेवलं.

“भांडण नको म्हणतोय न्हवं? मग जय जिनेंद्रच झालं की.”