शनिवारी बदललेला फ्युएल पंप

नवऱ्याला पक्षाघात झाला तेव्हा त्याचा उजवा हात गेला आणि जर्मन गेली. हात व्यायामाने थोडा परत आला, जर्मन आली नाही. मराठी राहिली, अडखळत पण पूर्ण वाक्यांची. असं होतं कधी कधी, आधीची भाषा टिकते आणि नंतरची जाते, असं स्पीच थेरपिस्ट म्हणाली. ते तिने जर्मनमध्येच सांगितलं, आणि त्याचं भाषांतर मला करून द्यावं लागलं.

आम्ही जर्मनीत, इंगोलश्टाटला राहतो. तो इंजिनांच्या चाचणी विभागात होता. सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांकडे भेट ठरली होती. रोज दोन तास का होईना, तो कामावर येऊ शकेल का, याचा निर्णय तिथे होणार होता. तो 'जमेल' म्हणत होता. मला खात्री नव्हती. डोक्यातलं इंजिन शाबूत आहे की तेही गेलं, हे मला त्याआधी बघायचं होतं, आणि त्याची जुनी गाडी गॅरेजमध्ये बंद पडलेली होतीच. पंपाच्या बुडाशी पेट्रोल पाझरत होतं. नवा पंप त्याने आजारपणाआधीच आणून ठेवला होता.

"मी बदलते, तू सांग," मी म्हटलं.

"तू?"

"मग कोण? तुझा हात?"

तो हसला. खुर्ची घेऊन गाडीपाशी बसला. बाहेर नोव्हेंबरचं धुकं होतं, दुपारीही दिवा लावावा लागला.

काम अवघड नव्हतं. बॅटरीची वायर काढली. टाकीकडून येणारी नळी पंपावरून ओढून तिच्या तोंडात बोल्ट खुपसला, नाहीतर पेट्रोल वाहत राहतं. मग दोन नट, आणि पंप हातात. अडचण वेगळीच होती. या भागांची नावं त्याला वीस वर्षं जर्मनमध्येच लागत होती, आणि कॉलेजातली इंग्रजीही आता सापडत नव्हती. मग त्याने स्वयंपाकघरातून नावं आणली. पंपातून इंजिनात शिरणारा दांडा म्हणजे जीभ. पातळ गॅस्केट म्हणजे पापड. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसते ती जाड चकती म्हणजे भाकरी.

"जिभेला तेल लाव."

"किती?"

"फोडणी नाही करायची. थेंबभर."

मी पंपाबरोबर आलेली नवी भाकरी, दोन्हीकडे पापड, त्यावर पंप असं सगळं बसवलं, नट आवळले, नळ्या जोडल्या, बॅटरी जोडली. आत बसून किल्ली फिरवली. तो पारदर्शक फिल्टरकडे बघत होता.

"येतंय का?"

"नाही."

पुन्हा फिरवली. पुन्हा नाही.

"पुरे. बॅटरी मारशील." तो उठला, गाडीला टेकून वाकला. "नटांच्या बाहेर आटे किती दिसतायत?"

"दिसतच नाहीत. टोकालाच बसलेत."

"जुना पंप होता तेव्हा?"

तेव्हा चांगले बोटाच्या पेराएवढे दिसत होते. मी तसं सांगितलं.

"मग भाकरी दोन झाल्या. जुनी आतच आहे."

"जुनी काढली की मी."

"कुठाय? दाखव."

दाखवायला काही नव्हतं.

"मेंदूला झटका मला आलाय," तो म्हणाला. "तुला काय झालं?"

पंप पुन्हा उतरवला. इंजिनाला चिकटलेली काळी चकती तेलाने आणि धुळीने इतकी माखली होती की मला ती इंजिनच वाटली होती. सुरीने सुटी केली. तिच्यामुळे पंप तेवढा बाहेर राहिला होता आणि जीभ आत पोचतच नव्हती. या वेळी फिल्टर भरला. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. त्याने डावा हात बॉनेटच्या कडेवर ठेवला, ऐकलं, चोक थोडा ढकलायला सांगितलं. आवाज लागलीच खाली आला. मी सुटले. सोमवारी डॉक्टरांना काय सांगायचं, ते मला मिळालं होतं.

आवाज ऐकून शेजारच्या गॅरेजमधले म्हातारे गृहस्थ आले. दर शनिवारी हे दोघे तिथे उभे राहून गाड्यांवर तासन्‌तास बोलायचे. त्यांना मनापासून आनंद झाला होता. पंपच होता ना, त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"या," म्हणजे 'हो', नवरा म्हणाला. असे दोन-तीन सवयीचे जर्मन शब्द तेवढे उरले होते.

"आतला पडदा फाटला होता, की झडप गेली होती?"

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', तो म्हणाला.

गृहस्थ हसले. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश आणि मोठ्याने.

"आल्झो..." म्हणजे 'तर...', एवढ्यासाठी नवऱ्याने तोंड उघडलं. हात हवेत फिरला. शेवटी त्याने जमिनीवरची काळी चकती उचलून पुढे केली आणि मराठीत म्हणाला, "भाकरी."

मी मध्ये पडले. ते विचारत, मी नवऱ्याला विचारी, तो अचूक सांगे, मी जर्मनमध्ये सांगे. पडदा फाटला होता. झडपा ठीक होत्या. सगळी उत्तरं त्याची होती, पण गृहस्थ बघत होते माझ्याकडे. जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

मी इंजिन बंद केलं.

"सोमवारी तू आत येशील ना?" त्याने विचारलं.

"येईन."

"आणि नंतर? रोज?"

मला माझी नोकरी आहे, हे त्याला माहीत होतं. मी हत्यारं पुसत राहिले.

"त्यांना कळव, नको म्हणून."

"एकदा भेटून तर घेऊ. तुला सगळं येतंय. मी आत्ता बघितलं."

"तू बघितलंस." तो खुर्चीत बसला. "तिथे तू बोलशील, ते तुझ्याकडे बघतील. मी कशाला, दाखवायला?"

एरवी मी वाद घातला असता.

रविवारी कंपनीला मेल लिहिली. जर्मनमध्ये लिहिली, मग त्याला मराठीत वाचून दाखवली. त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि एकच बदल सांगितला. 'सध्या येऊ शकणार नाही' असं मी लिहिलं होतं. त्यातला 'सध्या' काढ म्हणाला.

मी काढला आणि मेल पाठवली.