सव्वीस वर्षांची मदतनीस

पूल ओलांडून झाला, गोदामांची लांबलचक भिंतही संपत आली, तरी वहिनी चालायची थांबली नव्हती. शेजारीण तिच्या डाव्या अंगाने चालत होती. बस मघाशीच त्यांच्याजवळून गेली. कंडक्टरने हात बाहेर काढून विचारलंही, पण वहिनीने मान हलवून नको म्हटलं. बाइंडिंगच्या कारखान्यापासून घर चांगलं दीड तासाच्या वाटेवर होतं, आणि शेजारणीची टाच दुखत होती. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती. ते टाचेसाठी की वहिनीसाठी, हे तिचं तिलाही कळेना.

वहिनी ही काही तिची वहिनी नव्हे. दोघी एका शाळेत एका बाकावर होत्या आणि आता एकाच जिन्यावर समोरासमोर राहतात. पण कारखान्यात वहिनीचा धाकटा दीर लागला. तो वहिनी म्हणायचा, म्हणून कटिंगवाले म्हणू लागले, मग पुठ्ठेवाले, मग मालक, मग कागद घेऊन येणारे टेम्पोवाले. शेवटी ते नाव कारखान्यातून निघून घरचा जिनाही चढलं. दीर मात्र चौथ्या वर्षी मास्तर झाला, सगळ्यांच्या कामावर देखरेख करणारा. त्याला तिथे कुणी भावोजी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागताना वहिनीला एक छापील फॉर्म भरायचा होता. तिचं अक्षर म्हणजे मुंग्या पळाल्यासारखं, म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून तो शेजारणीने भरला. नाव झालं, पत्ता झाला, पुढे 'हुद्दा' अशी ओळ आली. तू तिथे नेमकं काय करणार, असं शेजारणीने विचारलं. वहिनीच्या वडिलांची बाइंडिंगची एक खोली होती. छापून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की त्याचा फर्मा होतो, आणि असे फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने एकमेकांत गुंफून शिवले की ती जुजबंदी. ही जुजबंदी वहिनी दहाव्या वर्षापासून शिवत होती. वडील अंथरुणाला खिळल्यावर दोन वर्षं ती खोली तिनेच चालवली होती. पण आपल्या तोंडाने आपली थोरवी सांगू नये, हे दोघींना एकाच बाईंनी शिकवलेलं. वहिनी लाजली आणि म्हणाली, "काय करणार, मदत करेन." शेजारणीने 'मदतनीस' लिहिलं. शब्द शुद्ध होता, कानाला चांगला लागला, म्हणून जरा वळणदारच काढला.

कारखान्यात दोन खोल्या. बायकांच्या खोलीतलं काम हलकं आणि पुरुषांच्या खोलीतलं जड, अशी वाटणी. ती कुणी केली, कधी केली, ते कुणी सांगत नाही. फर्म्यांचे गठ्ठे कटिंगच्या मशीनपर्यंत बायकाच डोक्यावरून नेत. वहिनी हसून म्हणायची, "उंबरठा ओलांडला ना, की कागदाचं वजन वाढतं गं." तिने शिवलेलं पुस्तक एका पानाला धरून झटकलं तरी पान सुटत नसे. थोरले मालक गिऱ्हाइकांसमोर तसं झटकून दाखवत आणि म्हणत, आमच्या वहिनींची शिलाई आहे, वाचणारा फाटेल पण पुस्तक फाटणार नाही. गिऱ्हाईक खूश व्हायचं. वहिनीही खूश व्हायची.

दीर बेकार होता तेव्हा तिनेच त्याला तिथे लावला. सहा महिने शेजारी बसवून दोरा किती ओढायचा, गाठ आतल्या बाजूला कशी दडवायची, सगळं शिकवलं. याला काय म्हणून घेऊ, असं थोरल्या मालकांनी तिलाच विचारलं. वहिनी म्हणाली, "कारागीर लिहा. पुरुष माणूस आहे, उद्या लग्न होईल, घर चालवायचंय त्याला." शिकणाऱ्याचा पगार शिकवणारीच्या दीडपट निघाला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट जिन्यावर चार घरी तिने ते कौतुकाने सांगितलं. शेजारणीला ते अजून आठवतं, कारण तिनेही तेव्हा देवाचे आभार मानले होते.

पुढे वहिनीला दोन मुलं झाली. दोन्ही वेळा ती वर्षभर घरी राहिली आणि दोन्ही वेळा परत आल्यावर नव्याने लागली असं धरलं गेलं. जादा काम संध्याकाळी निघायचं. तेव्हा बायका घरच्या स्वयंपाकाच्या ओढीने निघून जायच्या आणि बायका काही थांबत नाहीत, हे एकदा ठरलं ते ठरलं. आठ वर्षांपूर्वी वहिनीच्या नवऱ्याची नजर गेली. तेव्हापासून घर तीच चालवते. पण ते घर चालवायचं वाक्य तिच्यासाठी मालकांपुढे म्हणायला कुणी गेलं नाही. ती स्वतःही गेली नाही.

आणि आता जुजबंदीचं मशीन आलं. हाताची शिलाई बंद होणार होती. मशीनवर बसायला तिघे हवे होते आणि त्यांना कारागिराचा पगार मिळणार होता. मशीन ज्याला चालवायचं त्याच्या नावावर कारागीर म्हणून निदान पाच वर्षं हवीत, अशी अट होती. वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. अर्ज शेजारणीने लिहिला, आणि आज दुपारी सोबतीलाही तीच गेली.

थोरल्या मालकांच्या मागे कारभार बघणारे धाकटे मालक उद्धट नव्हते. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. नोंद बघू म्हणून कपाटातून जुनं हजेरीपुस्तक काढायला लावलं. वहिनीने ते लांबूनच ओळखलं. तिनेच शिवलेलं होतं. बाकीच्या पुस्तकांची पानं निसटून दोरीने बांधून ठेवली होती, हे मात्र नव्यासारखं सपाट उघडलं, नेमकं तिच्या ओळीवर. त्यात तिचा फॉर्मही टाचलेला होता. शाई फिकी झाली होती, पण शेजारणीचं वळणदार अक्षर दारातूनही वाचता आलं असतं.

"वहिनी, मी कुणावर अन्याय करत नाही," धाकटे मालक म्हणाले. "पण मी कागदाच्या बाहेर कसा जाऊ? इथे तुम्ही एक दिवससुद्धा कारागीर नाही."

मग त्यांनी मास्तरांना बोलावलं. दीर आला. वहिनीचं काम कसं, एवढंच त्याला विचारलं होतं. तो फरशीकडे बघत उभा राहिला. वहिनीचा हात चांगला आहे, असं म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, पण मशीनची जबाबदारी मोठी असते, घरी दादाचंही बघावं लागतं त्यांना. खोटं काहीच नव्हतं. शेजारणीला वाटलं, खोटं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

पहिल्या तारखेपासून लेबलं चिकटवायला या, असं धाकट्या मालकांनी सांगितलं. नव्याने नोंद होईल. मदतनीस म्हणून.

फाटकापर्यंत दीर मागून धावत आला. वहिनीचा डबा टेबलावर राहिला होता. माझाही इलाज नव्हता वहिनी, असं काहीतरी तो पुटपुटला. वहिनीने डबा घेतला आणि विचारलं, "तुझ्या धाकट्या मुलाचा ताप उतरला का?" उतरला म्हणाला. "मग आज आंघोळ घालू नका म्हणावं," एवढं सांगून ती चालू लागली होती, ती अजून चालतच होती.

भिंत संपली तिथे एक बंद पडलेला नळ आणि त्याचा ओटा होता. शेजारीण बसली. वहिनीही बसली. शेजारीण म्हणाली, मालकांच्या वर कामगार कार्यालय आहे, तिथे अर्ज करू, मी लिहिते. वहिनी म्हणाली, तिथेही हेच पुस्तक उघडतील, आणि ते छान उघडतंय बघ. दोघी जरा हसल्या. मग हसू कुठे ठेवावं ते कळेना.

शेजारणीने शेवटी सांगून टाकलं. "तो शब्द मी लिहिला होता."

"मी सांगितला तोच लिहिलास."

"तू मदत करेन म्हणालीस. मला माहीत होतं ना तू काय करतेस ते."

"मलाही माहीत होतं," वहिनी म्हणाली. तिने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. दोऱ्याने करंगळीवर खाच पडली होती, पेनाने मधल्या बोटावर पडते तशी. देवा, हिला काहीतरी दे, असं शेजारणीने मनात म्हटलं. पण काय दे ते तिला सुचलं नाही, आणि ती प्रार्थना तिथेच अर्धवट राहिली.

वहिनी बोलू लागली ती हिशोब मिटवल्यासारखी. लेबलं चिकटवायला ती जाणार नव्हती. चिकटवायचंच तर घरी बसून पाकिटं चिकटवेन, ह्यांच्याजवळ तरी असेन. त्यात भागेल का, हे शेजारणीने विचारलं नाही. भागणार नव्हतं, ते दोघींना ठाऊक होतं.

रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते. दुसरी बस आली, थांबली आणि त्या उठत नाहीत असं बघून गेली.

"घरी गेल्यावर एक काम कर माझं," वहिनी म्हणाली. "राजीनामा लिहून दे. दोन ओळींचा पुरे, कारण वगैरे काही नको. खाली सही मी करेन. पण सहीखाली हुद्दा लिहितात ना, तिथे कारागीर लिही."

शेजारीण म्हणाली, ते मानणार नाहीत गं.

"नको मानू देत. कागद त्याच पुस्तकात टाचतील, तेवढं बास. पण त्या फॉर्मवर काढलं होतंस ना, तसंच वळणदार काढ."