चित्र झाकल्यावर

बालवर्गाच्या ताईंना आमची सगळी शाळा पाठीमागे कात्रीबाई म्हणायची. मीही म्हणायचे. त्यांच्या आणि माझ्या वर्गाच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे बावीस वर्षं मी माझ्यापेक्षा त्यांचाच आवाज जास्त ऐकला असेन. राग कायम नाकावर. मुलांशी मात्र बोलायच्या अशा, की समोर पाच वर्षांचं पोर नाही, बँकेचा मॅनेजर बसलाय. "साहेब, तुम्हाला काय वाटतं, इथे काय लिहिलंय?" साहेब नाक पुसत विचार करायचे.

कात्रीबाई हे नाव पडलं कार्डांमुळे. मुलानं शब्द बघताक्षणी ओळखावा, एकेक अक्षर जुळवत बसू नये, म्हणून लहान वर्गांत चित्रकार्डं दाखवतात. वर चित्र, खाली शब्द. ताई ती घरी बनवायच्या, बुटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर. सोमवारी कार्डावर अख्खं मांजर असायचं. बुधवारी मुलांच्या डोळ्यांदेखत त्या मांजराचे मागचे पाय आणि शेपूट कात्रीनं उडवायच्या. वर्गात नुसता कालवा. शुक्रवारपर्यंत दोन कान उरायचे आणि शनिवारी नुसता शब्द. "मांजर गेलं. आता कुणाकडे बघणार?" ताई विचारायच्या. मग पोरं झक मारत शब्दाकडे बघायची. वर्ष संपेपर्यंत सगळी कार्डं कापून संपायची आणि सुट्टीत ताई नवी करायला बसायच्या.

मग मोठ्या बाई आल्या, म्हणजे आमच्या नव्या मुख्याध्यापिका. त्यांनी ताईंच्या आणि माझ्या, दोन्ही वर्गांना छापील संच आणले. चाळीस कार्डं, प्लास्टिकचं चकचकीत आवरण, आरशासारखी. दर शुक्रवारी ती मोजून कपाटात जायची. एखाद्या कार्डाला ओरखडा आला तरी लेखी खुलासा.

ताईंचं डोकं फिरलं ते 'नको'च्या कार्डावरून. चित्रात एक मुलगा दुधाच्या पेल्याकडे पाठ फिरवून बसलेला, खाली 'नको'. "'नको'चं चित्र काढतं का कुणी?" त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "नको म्हणताना माझं तोंड बघा, तेच चित्र."

"ताई, तुमची ती कापाकापी आता पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या. "पालकांना वर्ग नीटनेटका दिसायला हवा."

महिनाभर ताई भांडल्या. मग गप्प झाल्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, गुडघे दुखत होते. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आयुष्यभर ज्या बाईनं कुणाची भीडभाड ठेवली नाही, ती एका प्लास्टिकच्या कार्डापुढे नमली. मी स्वतः पहिल्याच दिवशी मुकाट्यानं संच उचलून वर्गात नेला होता, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही.

त्या वर्षी ताईंच्या वर्गात चौतीस मुलं होती. चौतिसावी मुंगी. इस्त्रीवाल्याची मुलगी, वर्षाच्या मध्येच आलेली. भिंतीला धरून हळूहळू चालायची, म्हणून मुलांनीच ते नाव ठेवलं. पुढच्या सतरंज्यांवर जागा नव्हती, तेव्हा ती अगदी मागे, ट्यूबलाइटखालच्या कोपऱ्यात बसायची. बोलायची कमी.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा आली. मोठ्या बाई हातात घड्याळ घेऊन टेबलाशी बसल्या. एका कार्डाला तीन सेकंद. तेहतीस मुलांनी फटाफट चाळीसच्या चाळीस शब्द सांगितले. मुंगी टेबलापुढे उभी राहिली आणि कार्डाकडे नुसती बघत राहिली. आधी वर, मग खाली, मग तोंड उघडायची, तोवर तीन सेकंद संपलेले. चाळीसपैकी सहा. मोठ्या बाईंनी तिच्या नावापुढे 'तयार नाही' असं लिहिलं, म्हणजे पहिलीत जागा नाही, बालवर्गच पुन्हा.

शनिवारी पालकांसमोर बाकीच्यांनी तोच खेळ करून दाखवला. टाळ्याच टाळ्या. मुंगीची आई दाराशी उभी होती, कडेवर तान्हं. सगळे गेल्यावर ती ताईंना म्हणाली, "परत तेच वर्ष असेल तर राहू द्या, बाई. तिचे वडील म्हणतात, घरी राहील, बाळाला सांभाळेल. नाहीतरी तिला जमत नाहीच म्हणे."

सोमवारी शाळा सुटल्यावर ताईंनी मला हाक मारली. स्वतः गुडघे धरत मुंगीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू पुढे उभी राहून कार्डं दाखव बरं."

मी दाखवली. त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तू इथे ये."

मी जाऊन बसले. ट्यूबलाइट त्या प्लास्टिकवर अशी चकाकत होती की कार्डाचा वरचा भाग पांढराफटक. चित्राचा पत्ता नाही. खालचा शब्द तेवढा स्वच्छ दिसत होता. मुंगीनं पाच महिने चित्र पाहिलंच नव्हतं. टेबलाशी उभी राहिली तेव्हा पहिल्यांदाच तिला ती रंगीत चित्रं दिसली, आणि शब्द कुठे गेला म्हणून ती बिचारी शोधत बसली.

"अख्ख्या वर्गात एकटी वाचते," ताई म्हणाल्या. "आणि आपण तिलाच नापास केलं." माझीही तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती कुणावर काढायची ते कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या बाईंना वर्गात बोलावलं. प्रत्येक चित्रावर कागदाची पट्टी लावली होती. मी दारात उभी होते. शनिवारी टाळ्या घेतलेली पोरं एकामागून एक पुढे आली आणि अंदाज मारू लागली. कुणी 'नको'ला 'बदक' म्हणालं. एकजण पट्टी उचकटायला लागला. दोघं रडली. शेवटी मुंगी आली. तिनं चाळीस शब्द वाचले, तीन सेकंदांच्या आत, कंटाळल्यासारखे.

मोठ्या बाईंनी मुलांना खेळायला बाहेर पाठवलं. "हिचं नाव पहिलीच्या यादीत घालते," त्या म्हणाल्या. "पण बाकीचं इथेच राहू द्या, ताई. पालकांना आपण शनिवारीच दाखवलंय. आता काय सांगणार त्यांना?"

"आधी यादी आणा," ताई म्हणाल्या.

यादी आली. नाव लिहिलं गेलं, सही झाली, शिक्का बसला. पहिलीच्या प्रवेशाचा कागद ताईंनी स्वतः नेऊन इस्त्रीवाल्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "म्हणजे जमतं तिला?" ताई म्हणाल्या, "तिला एकटीलाच जमतं."

आणि मग परत येऊन त्यांनी तेहतीस मुलांच्या वह्या काढल्या. प्रत्येकीत स्वतःच्या हातानं लिहिलं: 'तुमचं मूल चित्र ओळखतं, शब्द वाचत नाही. शनिवारी पाहिलंत ते वाचन नव्हतं. चूक माझी आहे. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवा, मी शिकवते.' चूक माझी. मोठ्या बाईंचं नाव नाही, संचाचं नाव नाही. ते वाचून मी चिडले. "सगळं स्वतःच्या अंगावर का घेता?" मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "वर्ग कुणाचा होता? मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले."

पालक अर्थातच भडकले, आणि सगळे ताईंवर. आमचं मूल परवापर्यंत वाचत होतं, या बाईनं बिघडवलं, असं फाटकाशी उभं राहून बोलले. मोठ्या बाईंनी हात झटकले. अर्ध्या तासाला तेहतिसांतली अकरा मुलं थांबायची. ताईंनी त्या अकरांना सुट्टी लागेपर्यंत शिकवलं आणि शेवटच्या दिवशी त्यांच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र पडलं. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या बसलो होतो. कपात साखर ढवळत होतो.

पत्र पर्समध्ये टाकून त्या माझ्या वर्गाशी थांबल्या. "काय गं," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडेही तोच संच. चित्रं झाकून बघितलीस का एकदा?"

"बघितली की," मी म्हणाले. "वाचतात सगळी."

त्या मान हलवून गेल्या. विश्वास बसला असावा. मोठ्या बाईंवर मला राग आहेच, त्या पालकांवरही आहे, पण रोज अंगावर येतो तो दुसराच. मी एकही चित्र झाकून बघितलं नव्हतं. माझ्या वर्गात छत्तीस मुलं होती.