मी परत आणलेला बैरागी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही, आणि ती तर माझ्या पोटातलं ओळखणारी बाई. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही. ओळखीच्या माणसापुढे याबाबतीत जीभ उचलत नाही, एवढंच खरं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका मिशनच्या शाळेत मराठी शिकवत होतो, सात रस्त्याजवळ एका खोलीत एकटाच राहत होतो. शाळेच्या फादरांनी मला एक इंग्रजी पुस्तक भाषांतराला दिलं. शेकडो वर्षांपूर्वी युरोपातल्या जंगलात झोपडी बांधून एकांतात राहिलेल्या एका ख्रिस्ती संन्याशाचं चरित्र. पहिल्या भागात त्याचं सुरुवातीचं आयुष्य होतं — मेंढपाळाचं पोर, विधवा आई, विसाव्या वर्षी घर सोडणं. आपलं नाव पुस्तकावर छापून येणार म्हणून मी हवेतच होतो.

शेजारच्या खोलीत काशीबाई राहायच्या. मूळच्या केम गावच्या, शेतकरी घरातल्या. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन शहरात आल्या आणि विड्या वळू लागल्या. तो मुलगा, दिगंबर, तीन वर्षांपूर्वी बैराग्यांच्या मागे निघून गेला होता. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी ओट्यावर बसून मी त्यांना माझं भाषांतर वाचून दाखवायचो. हात विडीच्या पानांवर, कान माझ्याकडे. असा श्रोता मला वर्गात कधी मिळाला नव्हता. खोटं कशाला बोलू — मला त्याची चटक लागली.

त्या दिवशी घर सोडण्याचं पान होतं. इंग्रजीत तो आईला सरळ सांगतो, मी जातो. पण आपल्याकडे उंबरा ओलांडताना ‘जातो’ कोण म्हणतं? माझ्या हातून आपसूक लिहून गेलं होतं — ‘आई, येतो.’ तेच मी वाचलं.

काशीबाईंचे हात थांबले.

“माजा दिगू जातो म्हनला हुता,” त्या म्हणाल्या. “मी हात धरून येतो म्हनायला लावलं.” मग माझ्याकडे बघून, “ह्यो तर आपनहून येतो म्हनला की. मग आला का वं माघारी?”

पुढचं पान मला माहीत होतं. तो कधीच परतला नाही. आईने दोनदा निरोप पाठवला, तरी तो झोपडीबाहेर आला नाही. ती वाट बघत मेली. चूक एका शब्दाची होती, तिथेच सुधारता आली असती. मी म्हणालो, “आला की.”

एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. पुढचे आठ दिवस कागद समोर धरून, कागदावर नसलेलं वाचत राहिलो. तो सुगीला आला, आईच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. काशीबाई पदराने डोळे पुसायच्या आणि मी — मी आणखी रंगवायचो. दया होती का ती? थोडी असेल. बाकी सगळी हौस. फादरांना मात्र खरं भाषांतर दिलं, तो एक शब्द सुधारून. ते छापूनही आलं. काशीबाईंना सांगितलं, छपाई रखडलीय.

पुढच्या वर्षी त्यांना दम्याने घेरलं. त्यांची मुलगी सुमन केमलाच दिलेली होती, ती न्यायला आली. काशीबाई हलेनात. “दिगू आला आन् दाराला कुलूप बगून माघारी गेला, तर? त्या बैराग्याची आय घर सोडून गेली हुती का?”

सुमनने मला बाजूला घेतलं. “मास्तर, तुमी सांगा. तुमचं लई ऐकती ती.”

एकच वाक्य बोलायचं होतं. ‘ते मी मनचं सांगितलं, काशीबाई.’ त्याऐवजी सुमनला म्हणालो, राहू दे त्यांच्या मनासारखं. जसं काही मला त्यांच्या मनाचीच काळजी! भीती होती ती त्यांच्या नजरेतून उतरण्याची.

सुमन एकटीच गाडीला गेली. तीन आठवड्यांनी, भर दुपारी, काशीबाई गेल्या. जवळ कुणी नव्हतं. मी शाळेत पेपर तपासायला थांबलो होतो. आलो तेव्हा त्या दाराकडे तोंड करून भिंतीला टेकलेल्या होत्या, आणि पाण्याचा तांब्या हातभर लांब, भरलेला तसाच. तो द्यायला केमच्या घरात चार माणसं होती. दिगंबर तेव्हाही आला नाही, नंतरही नाही.

दहाव्याला मी केमला गेलो. पुस्तकाची एक प्रत पिशवीत होती — सुमनला देऊन सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघालो होतो. तिनेच विषय काढला. आईला आवडायचं ते बैराग्याचं पुस्तक छापलं का, मला वाचायला मिळंल का? मी म्हणालो, अजून नाही छापलं.

“तुमी हुता म्हनून आयचं दिस सुखाचं गेलं,” असं म्हणून ती खाली वाकली आणि तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत. मी तिला आशीर्वाद दिला.