काचेवरचं विभूतीचं बोट

इथं लोक असले अनुभव लिहितात, ते मी वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. आमचं बसवण्णांना मानणारं घर. भूत, बाधा, उतारा... असलं काही उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जन्मभर गोदाम सांभाळलं, त्यामुळे डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायची सवय. तरी लिहितोय, कारण माझ्यामुळे एक खोटी गोष्ट पसरली आहे.

बिदरच्या घरात आम्ही दोघंच — मी आणि माझी बायको कलावती. तिला बीपीची गोळी होती. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की ती गोळी घ्यायची आणि हाताला उरलेली विभूती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात बोटानं टेकवायची. मध्येच कुणी हाक मारली, दूध उतू गेलं, की गोळी घेतली का नाही याचा तिला गोंधळ व्हायचा. म्हणून ती खूण.

मला ते कॅलेंडर कळकट वाटायचं. मुलीनं, सुवर्णानं, नवा फोन घेऊन दिला तेव्हा गॅस, लाईट बिल, गोळी... सगळं मी त्यात भरलं आणि कॅलेंडर रद्दीत दिलं.

कलावती म्हणाली, "कामून काढलात ओ? ते माझ्या डोळ्यासमोर होतं. फोन तर तुमच्या खिशात."

"आता फोन आठवण करतोय. तू डोस्कं लावू नको."

आठला फोन वाजायचा तेव्हा मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत असायचो. घरी कळवायचं, एवढंच काम. पण गप्पा रंगात आलेल्या असायच्या. 'झालं' लिहिलेलं बटण दाबून मी आवाज बंद करायचो.

घरी आलो की ती विचारायची, "आज माझी गोळी झाली का ओ?"

मी फोन पुढे धरायचो. "झाली की. हे बघ, फोनात दिसायलंय."

हिरवी खूण बघून ती मान डोलवायची.

एका दुपारी कपडे वाळत घालताना ती पडली, ती गेलीच. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. मी म्हणालो, विसरायची ती. तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी झालं. माती देताना तिचं इष्टलिंग, तिची विभूती तिच्यासोबतच ठेवली. घरात चिमूटभरही उरली नाही.

पुढे मलाही बीपीची गोळी लागली. एका सकाळी फोन वाजला. गोळी न घेताच बटण दाबायला गेलो, तर काचेवर नेमकं 'झालं'वर पांढरट बोट उमटलेलं... माझ्या बोटापेक्षा लहान. पुसलं. वास विभूतीचाच होता. दाराला आतून कडी.

गोळी घेतली त्या दिवशी काच स्वच्छ. टाळायला गेलो की बोट हजर. भिंतीचा चुना असेल म्हणून फोनची जागा बदलली. दुकानात नेऊन काच बदलली. दुकानदार म्हणाला, "अण्णा, फोन चुलीत ठेवायलाव का?" नव्या काचेवरही ते आलंच.

वर्षश्राद्ध आमच्यात नाही, पण तिच्या आठवणीचं जेवण सुवर्णानं तिच्या सासरी, मन्नाएखेळ्ळीला ठेवलं होतं. पंगतीत कलावतीची वहिनी हसत म्हणाली, "आमची कला, कुकर लावून शिट्टी विसरायची. शेवटी गोळीबी विसरली."

सगळे हसले. सुवर्णा तेवढी खाली बघून वाढत राहिली. मी हातातला घास ताटात ठेवला.

"ती विसरली न्हाई," मी म्हणालो. "रोज विचारायची. मीच झाली म्हणून सांगायचो. फोन दाखवून."

सुवर्णानं हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "अव्वा विचारायची, व्हय?" आणि मग, "मी वर्षभर तिच्यावरच राग धरून बसले की ओ, अप्पा. जिवाची काळजी न्हाई केली म्हणून."

ती आत गेली. मी निघालो तेव्हा पाया पडली, पण बोलली नाही. अजूनही फार बोलत नाही.

त्या दिवसापासून फोनवर बोट उमटलेलं नाही. ती निवली, की माझं तिला आता काही पडलेलं नाही... कोणाला विचारू?

परवा मुद्दाम गोळी हातात घेऊन तशीच ठेवली आणि बटणाकडे बोट नेलं. किती तरी वेळ बघत बसलो. काच स्वच्छ होती.